सेंट क्लेअर तलावावर पहिल्यांदाच: बाबांना घेऊन स्मॉलमाउथ बास गरवायला जायचंय

हर्णैकर

नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो. मेअखेर आई-बाबा तीन महिन्यांसाठी येतायत. बाबा हर्णैचे. नोकरी शाळामास्तरांची, पण रविवारी खडपावर गरी घेऊन बसायचं हा त्यांचा नेम. काठी-बिठी काही नाही. हातात तंगूस, टोकाला शिसं आणि गळ, आणि दोरा तर्जनीवर ताणून धरलेला. मासा लागला की आधी बोटाला कळतं, मग आपल्याला, असं ते मला लहानपणी सांगायचे. मागच्या खेपेला इथे दुकानं आणि देऊळ यापलीकडे त्यांना काही दाखवलं नाही. शेवटचा महिना ते खिडकीशी बसून होते. ते माझ्या मनातून जात नाही. या वेळी त्यांना पाण्यावर न्यायचंच.

घरापासून पाऊण तासावर सेंट क्लेअर. तिथला स्मॉलमाउथ बास हा मासा नावाजलेला आहे एवढं ऐकलंय. मी स्वतः लहान तळ्यांवर ब्लूगिल धरलेत, मोठ्या तलावावर कधी गेलेलो नाही. मित्राची १६ फुटी ॲल्युमिनियमची होडी मिळेल. बरोबर ९ वर्षांची मुलगी असेल. जूनमध्ये केव्हा जावं, सामान काय घ्यावं, कुठून निघावं? आणि मासा खाता येतो का, कारण बाबांचा पहिला प्रश्न तोच असणार.

उत्तरवारा

हर्णैकर, बाबांना नेताय हे वाचूनच बरं वाटलं. या तलावावर मी बारा-तेरा वर्षं जातोय. काठी आणि आमिषाचं मागाहून बोलू. आधी वारा.

नकाशावर ह्युरॉन आणि ईरी या महासरोवरांच्या मध्ये सेंट क्लेअर ठिपक्याएवढा दिसतो, म्हणून लोक त्याला धाकटा समजतात. क्षेत्रफळ अकराशे चौरस किलोमीटरच्या वर आहे. मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढी जागा होते त्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि सरासरी खोली किती, तर ११ फूट. त्यातल्या त्यात खोल म्हणजे मालवाहू जहाजांसाठी उकरलेला मार्ग, तो सुमारे २७ फूट. म्हणजे ही एक अवाढव्य परात आहे. परातीतल्या पाण्यावर वारा सुटला की लाट फार उंच होत नाही, पण तळ जवळ असल्यामुळे आखूड आणि उभी होते. समुद्राची लाट होडीला उचलते आणि खाली ठेवते. इथली थपडा मारते, एक ओसरायच्या आत दुसरी. बाबांना उधाणाची सवय असेल, पण ही लाट त्यांच्या ओळखीची नाही.

माझा हिशेब असा. वारा ताशी १० मैलांच्या आत असेल तर १६ फुटी होडी ठीक. १० ते १५ मध्ये दिशा पाहायची आणि किनारा सोडायचा नाही. त्यावर असेल तर होडी पाण्यात उतरवायचीच नाही. १० आणि २० यांत फरक दुपटीचा वाटतो, पण वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौपट. नॅशनल वेदर सर्व्हिसचा तलावासाठीचा वेगळा अंदाज असतो, तो वाचा, गावाचा नको. त्यात वेग नॉटमध्ये देतात, १ नॉट म्हणजे सुमारे १.१५ मैल. आणि लाटा '२ फूट' लिहिल्या असतील तर तो आकडा मोठ्या एकतृतीयांश लाटांच्या सरासरीचा असतो. अधूनमधून त्याच्या जवळजवळ दुप्पट लाट येते. मुलगी बरोबर असताना हिशेब त्या लाटेचा करायचा.

आता दिशा. आपण मिशिगनच्या बाजूने, म्हणजे पश्चिम काठावरून निघतो. पूर्वेचा किंवा ईशान्येचा वारा असेल तर त्याला अख्ख्या तलावाची धाव मिळते, वीस-पंचवीस मैलांची. लाटा धक्क्यावर आपटताना दिसतात, माणूस आपसूक मागे फिरतो. फसवतो तो पश्चिमेचा वारा. काठावर पाणी आरशासारखं, मागे घरं आणि झाडं आडोशाला. तुम्ही निघता. मैलभर गेलात की हलकी लाट, तीन मैलांवर चांगलीच. मासे लागतायत म्हणून होडी वाऱ्यासोबत सरकत राहते, आणि परत यायचं ते वाऱ्याच्या तोंडावर, थकलेल्या हातांनी. आपल्याकडे सकाळच्या मतलईवर, म्हणजे जमिनीकडून सुटणाऱ्या वाऱ्यावर, बाहेर पडणं सोपं असतं, तसंच हे. फक्त इथे दुपारी समुद्राकडचा खारा वारा तुम्हाला घरी आणून सोडेल याचा भरवसा नाही.

खडप

उत्तरवारा यांच्या शब्दाशब्दाशी सहमत. माझा अनुभव लिहितो, कारण तो मी आजवर कुठे लिहिला नाही.

सहा वर्षांपूर्वी मी आणि एक मित्र अशाच १६ फुटी होडीतून गेलो. मेचा मध्य, पाणी बर्फासारखं. सकाळी नैऋत्येचा हलका वारा. दहाच्या सुमारास मासे लागायला लागले. जागा सुटू नये म्हणून मी नांगर टाकला, आणि हाताशी होता म्हणून मागच्या कडीला बांधला. अकराला वारा फिरला. होडीचा मागचा भाग लाटेकडे, तिथेच इंजिनाचं वजन, तिथेच कड सगळ्यात खाली. पहिली लाट आत आली तेव्हा आम्ही हसलो. दुसरीला बुटांत पाणी भरलं. तिसरीनंतर मित्राने माझ्या हातातून सुरी घेऊन दोर कापला, म्हणून आज हे लिहितोय.

नांगर कायम नाळेलाच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला. दोर खोलीच्या सातपट सोडायचा. आणि जीवरक्षक जाकीट अंगात, बाकाखाली नाही. होडी कलंडल्यावर ते घालायला वेळ मिळत नाही. गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही, माणूस धापा टाकत पाणी आत घेतो. उत्तम पोहणारेही त्यातच जातात.

गार्गी_ओ

मुलीसाठी जाकीट वजनाप्रमाणे घ्या. 'मोठं घेऊ, दोन वर्षं चालेल' असं करू नका. खांद्याला धरून वर उचलून बघा, हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. कायदा ६ वर्षांखालच्या मुलांनाच सक्ती करतो, पण म्हणून ९ वर्षांच्या मुलीने काढून ठेवायचं असं नाही.

अजून एक, जे पुरुषमंडळी लिहीत नाहीत. छोट्या होडीत स्वच्छतागृह नसतं. आई येणार असतील तर सहा तासांचा बेत करू नका. माझ्या सासूबाई त्या धास्तीने सकाळपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या, दुपारी उन्हाने चक्कर आली. तेव्हापासून आम्ही तीन तासांच्या वर जात नाही आणि मध्ये एकदा धक्क्याला लागतो. तोंडात टाकायला आलेपाक ठेवा, मळमळीला बरा पडतो. आणि सत्तरीच्या माणसाला जूनमध्येही पहाटे पाण्यावर थंडी वाजते. कानटोपी घ्या, ते 'नको' म्हणतील तरी.

नदीपलीकडे

मी विंडसरला राहतो, डेट्रॉइट नदीच्या या बाजूला. कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो: या तलावातून अमेरिका-कॅनडा सीमा जाते, आणि तलावाचा मोठा भाग आमच्याकडे, ऑन्टारिओत आहे. पाण्यात कुंपण नाही, रेषा फक्त जीपीएसच्या पडद्यावर दिसते. पलीकडे गळ टाकायचा तर ऑन्टारिओचा परवाना लागतो आणि नियमही इथले. पण तुमच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचं म्हणजे आई-बाबा अमेरिकेच्या पाहुण्यांच्या व्हिसावर असणार. तुमचाही बहुधा कामाचा असेल. पश्चिमेच्या वाऱ्यावर होडी वाहवत पलीकडे गेली आणि इंजिन बंद पडून मदत इकडून आली, तर पुढचे प्रश्न माशांचे उरत नाहीत. पारपत्रं जलरोधक पिशवीत जवळ ठेवा आणि रेषेच्या मैलभर अलीकडेच थांबा. मासे तिथेही तेच आहेत.

हर्णैकर

बापरे. सीमेचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. खडप, तुमचं वाचून काल झोप नीट लागली नाही, पण बरं झालं लिहिलंत.

मग होडी न घेता वाटाड्या घ्यावा का? आणि माशांबद्दलही सांगा ना. बाबा विचारतील हा मासा कोण, खातो काय, राहतो कुठे. ते कळल्याशिवाय ते गळ टाकायचे नाहीत.

उत्तरवारा

वाटाड्याच घ्या, निदान पहिल्या खेपेला. तटरक्षक दलाचा परवाना असलेला कप्तान, २० फुटांच्या वरची होडी. पाणी कसं वाचायचं ते एका दिवसात शिकाल. ठरवताना एकच प्रश्न विचारा: वारा वाढला तर तुम्ही रद्द करता की मी करायचं? 'आम्ही कशातही जातो' म्हणणारा नको. मासेमारीचा परवाना मात्र प्रत्येकाला स्वतःचा लागतो, वाटाड्याबरोबर गेलात तरी. १७ वर्षांपासून पुढे सगळ्यांना. बाबांसाठी एका दिवसाचा मिळतो.

केव्हा, तर मिशिगनमध्ये बास धरून लगेच सोडायला वर्षभर मुभा आहे. जवळ ठेवायचा असेल तर सेंट क्लेअरवर जूनच्या तिसऱ्या शनिवारपासून. किमान १४ इंच, माणशी ५, त्यात लार्जमाउथ बासही मोजायचे. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत पाणी ६० ते ६५ फॅरनहाइटला आलं की स्मॉलमाउथ उथळ पाण्यात अंडी घालतात. नर तळावर शेपटीने ताटाएवढी जागा झाडून घरटं करतो, आणि मादी गेली तरी तो राखण करत बसतो. त्या दिवसांत समोर काहीही आलं तरी तो झडप घालतो, म्हणून लोकांचं फावतं. पण तो गळाला लागून वर आला की गोबी नावाचे बारके मासे घरट्यावर तुटून पडतात. मी त्या दिवसांत घरट्यांवर गळ टाकत नाही. तुम्हीही तिसऱ्या शनिवारनंतरच जा.

आता हा गोबी समजला की स्मॉलमाउथ समजला. काळ्या समुद्राकडचा बोटभर-वीतभर मासा, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आला, १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत सापडला. त्याआधी १९८८ मध्ये याच तलावात झेब्रा शिंपले सापडले होते. शिंपल्यांनी पाणी गाळून गाळून काचेसारखं केलं, गोबी शिंपल्यांवर पोसले, आणि स्मॉलमाउथ गोबींवर. बाबांना सांगा, हा आपल्या खाजणातल्या निवटी माशाचा दूरचा भाऊबंद. त्याला पोटात हवेची पिशवी नसते, त्यामुळे तो तरंगत नाही, तळाला बसतो, टुणकन उडतो, पुन्हा बसतो. म्हणून आमिष तळाला लागलंच पाहिजे. वीतभर वर राहिलं तर दिवस फुकट.

ओळख: अंग पितळी-तपकिरी, त्यावर उभे पट्टे, डोळा लालसर. जबडा डोळ्याच्या मागे जात नाही. जात असेल आणि अंगावर आडवी काळी रेघ असेल तर तो लार्जमाउथ.

सामान थोडकं. सात फुटी मध्यम जोराची काठी, २५०० किंवा ३००० आकाराचं स्पिनिंग रीळ. १० पौंडी विणलेला दोरा, पुढे पाच-सहा फूट ८ पौंडी फ्लुओरोकार्बनचा पारदर्शक दोरा, कारण स्वच्छ पाण्यात माशाला दोरा दिसतो. आमिष म्हणजे ट्यूब, साडेतीन इंची, शेवाळी हिरव्या रंगाची. मऊ रबराची पोकळ नळी, मागे झालरीसारख्या शेपट्या, आणि पोटात सरकवलेलं शिशाचं डोकं, पाव औंसाचं. वारा असेल तर तीन अष्टमांश. फेकायचं, तळाला लागू द्यायचं, होडी वाहू द्यायची, ट्यूब मागून ओढली जाते. एवढंच. जागा म्हणाल तर १० ते १६ फूट पाणी, शेवाळाच्या कडेला जिथे वाळू किंवा खडी उघडी दिसते तिथे.

इथे वाऱ्याची दुसरी बाजूही सांगतो. अगदी पडलेला वारा नको. पाणी आरसा झालं की मासा बुजतो. बारीक लहर असली की वरचा उजेड मोडतो, मासा धीट होतो आणि होडी आपोआप सरकते. ताशी ५ ते १० मैल वारा म्हणजे सोनं. होडी भराभर जायला लागली तर पाण्यात ओढ-छत्री सोडतात, कापडी नरसाळ्यासारखी, तिने वेग अर्ध्यावर येतो.

पांदण

खाण्याचा राहिला. आमी मालवणचे, म्हणून आधी ताच वाचलंय. बास खाऊक हरकत नाय, पण मोठो मासो म्हणजे म्हातारो मासो, अंगात पारो आणि इतर घाण साठलेली. मिशिगनच्या आरोग्य खात्याचं 'ईट सेफ फिश' म्हणून पत्रक आसता, कुठल्या पाण्यातलो कुठलो मासो महिन्यातना किती वेळा, ता बगून घ्या. पोरीसाठी तर नक्की. आमी बास सोडून देतंव आणि यलो पर्च घरी आणतंव. बारीक मासो, पण गोड. रव्यात घोळवून तव्यार टाका, बाबा खूश.

सोडताना हात आधी ओले करा. सुक्या हातान धरलं तर अंगावरचो बुळबुळीत थर निघता आणि मासो मागाहून मरता.

गार्गी_ओ

हर्णैकर, एक पर्यायी बेत हाताशी ठेवा. वारा असेल आणि रद्द झालं तर मुलीचा आणि बाबांचा दिवस पडू नये. लेक सेंट क्लेअर मेट्रोपार्कात काठावरून गळ टाकता येतो. नाहीतर स्टोनी क्रीक आहेच, लहान तळं, वाऱ्याला आडोसा.

हर्णैकर

ठरलं. तिसऱ्या शनिवारी पहाटे वाटाड्या घेतोय, चार तास. आई म्हणाली, 'तुम्ही जा, मी काठावर बसेन.' बाबांना काल ट्यूब दाखवली. त्यांनी ती दोन बोटांत फिरवली, झालर विस्कटून पाहिली, नाकाशी नेली, आणि म्हणाले, 'याला वास नाही. मग मासा का खाईल?' मी गोबीचं सांगितलं. निवटी म्हटल्यावर चेहरा उजळला.

हर्णैकर

शनिवारी रद्द झालं. पहाटे पावणेपाचला वाटाड्याचा फोन, ईशान्येचा वारा, ताशी १८ मैल. लेक रडली. आम्ही तरीही मेट्रोपार्कात गेलो. बाबा धक्क्याच्या टोकाला उभं राहून अर्धा तास नुसतं पाणी बघत होते. मग म्हणाले, 'लाटेला पाठ नाही. उभी येते आणि उभीच पडते.' मी धाग्यातलं काही त्यांना सांगितलं नव्हतं. आता गुरुवारी रजा घेतली आहे.

उत्तरवारा

बाबांना माझा नमस्कार सांगा. एवढं बघायला मला दोन वर्षं लागली होती.

हर्णैकर

गुरुवारचं लिहायला उशीर झाला.

पहाटे साडेपाचला निघालो. नैऋत्य, ७-८ मैल, बारीक लहर. पाण्याखालची वाळू आणि शेवाळाचे पट्टे दहा फुटांवरून दिसत होते. बाबा वाकून तेच बघत राहिले, काठी घ्यायलाही तयार नव्हते. हर्णैला एवढं स्वच्छ पाणी त्यांनी कधी पाहिलं नाही. दूरवर एक लांबच लांब मालवाहू जहाज चाललं होतं. लेकीने ते टोकापासून टोकापर्यंत जायला किती आकडे लागतात ते मोजलं.

पहिला तास कोरडा. वाटाड्याने बाबांना काठी कशी धरायची ते दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि थोड्या वेळाने दोरा रिळाच्या पुढे काढून तर्जनीवर घेतला. वाटाड्या काही बोलायला गेला, मी त्याला हाताने थांबवलं. सातच्या पुढे केव्हातरी बाबा एकदम गप्प झाले. मला काठी हललेली दिसली नाही. ते हळूच म्हणाले, 'जड झालं.' आणि उचललं. काठी कमानीसारखी वाकली, दोरा पाण्यात तिरपा धावला, आणि वीस पावलांवर मासा अख्खा पाण्याबाहेर आला, डोकं झटकत, पितळेसारखा चमकत. लेकीची किंकाळी काठापर्यंत गेली असेल. तीनदा उडाला. बाबांचे हात थरथरत होते, पण दोरा सैल पडला नाही.

साडेसतरा इंच. लाल डोळा, उभे पट्टे, सगळं तुम्ही लिहिलं तसं. बाबांनी न सांगता हात पाण्यात बुडवून घेतले, माशाला पोटाखाली धरलं, आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. खायचं विचारलंच नाही. पाण्यात धरून ठेवला, शेपटी हलली तसा सोडला. नंतर लेकीला दोन मिळाले, मला एक. सव्वानऊला वारा वाढायला लागला आणि वाटाड्याने होडी वळवली. कोणी 'अजून थोडा वेळ' म्हटलं नाही. आई धक्क्यावर थर्मास घेऊन उभी होती.

पांदण, पर्चसाठी पुढच्या आठवड्यात जातोय. आता रोज सकाळी मी उठायच्या आत बाबा माझ्या फोनवर तलावाचा अंदाज उघडून बसलेले असतात. आज म्हणाले, 'शुक्रवारी पूर्वेचा आहे, नको. रविवारी बघ.'

खडप

रविवारी सकाळी दक्षिणेचा आहे, ६ नॉट. माझी होडी आता १९ फुटी आहे आणि दोन जागा रिकाम्या आहेत. बाबांना विचारा.